एझ्रा कोण, हे कुणी विचारलं नाही

नाओमी,

तुला मराठी येत नव्हतं. म्हणूनच बहुधा मी हे मराठीत लिहायला बसले आहे, आणि ही पळवाट तू पहिल्या ओळीतच पकडली असतीस. "मला वाचता येणार नाही अशा भाषेत माझ्याशी बोलतेस? वा, वैदेही," असं म्हणून खुर्चीत मागे रेलली असतीस. रेल. पण मला बोलू दे.

तू जाऊन आज तेरा दिवस झाले. आमच्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण करतात आणि मग घरातली माणसं हळूहळू कामाला लागतात. आपल्या डिपार्टमेंटला एवढाही धीर नव्हता. तिसऱ्याच दिवशी सगळ्यांना मेल आला: नाओमीचं हसू कायम आमच्या लक्षात राहील. हसू? पाच वर्षं मी तुझ्या शेजारच्या टेबलावर बसले. त्या इमारतीत तू किती वेळा हसलीस ते मी बोटांवर मोजून सांगेन. तू हसायचीस ती पार्किंगमध्ये, माझ्या गाडीत, काचा वर करून, पोट धरून. त्यांच्या लक्षात राहिलं ते माहितीपत्रकातलं हसू. दरवर्षी फोटोग्राफर तुला शोधत यायचा आणि तुझ्या हातात कुठलं तरी यंत्र द्यायचा. एका वर्षी तर ते यंत्र बंद पडलेलं होतं.

आपली ओळख झाली ती दारात. पीएचडीच्या पहिल्या आठवड्यातला शनिवार होता. लॅबच्या इमारतीत शिरताना गार्डने तुला थांबवलं. तुझं ओळखपत्र गळ्यात होतं, तरी त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं, कुठल्या डिपार्टमेंटची ते विचारलं, आत कुणाला भेटायचंय ते विचारलं. मी तुझ्या मागे उभी; गोरी मीही नव्हे, पण काळी तू. माझं कार्ड घरी राहिलेलं, त्यामुळे आता आपली काही खैर नाही म्हणून मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. गार्डने माझ्याकडे पाहिलं आणि 'गुड मॉर्निंग' म्हणत दार उघडून धरलं. लिफ्टमध्ये तू म्हणालीस, "कार्ड नसलेली बाई आत, आणि कार्डवालीची चौकशी. वेलकम टू ग्रॅड स्कूल." मला हसावं की माफी मागावी ते कळेना. मी दोन्हीही केलं नाही.

लॅबमध्ये सगळे मला 'व्ही' म्हणत. नागपूरहून येताना मीच ठरवलं होतं, लोकांना त्रास नको. तू मात्र पहिल्याच दिवशी म्हणालीस, "पूर्ण नाव सांग." तीन दिवस लिफ्टमध्ये 'वै-दे-ही' घोकलंस. चौथ्या दिवशी ते असं स्वच्छ म्हणालीस की माझी आईच हाक मारतेय असं वाटलं. मी म्हटलं, व्ही चालेल गं. तू म्हणालीस, "मला नाही चालणार."

मग बुधवारच्या मीटिंगा सुरू झाल्या. दर बुधवारी अकरा वाजता प्रोफेसर, आपण दोघी, ब्रायन आणि आणखी तिघं-चौघं त्या लांबट टेबलाभोवती बसायचो. दुसऱ्याच बुधवारी तू म्हणालीस की जमिनीखालच्या पाइपांचा आवाज टिपताना बसगाड्यांचा आवाज वेगळा काढला नाही तर सगळे आकडे वाया जातील. कुणी मान हलवली नाही. दहा मिनिटांनी ब्रायन तेच बोलला आणि प्रोफेसर म्हणाले, "एक्सलंट पॉइंट, ब्रायन." ब्रायन वाईट मुलगा नव्हता, त्याला ते स्वतःलाच सुचलं असं खरोखर वाटत होतं. पुढच्या बुधवारी हेच माझ्या बाबतीत झालं. तेव्हा पार्किंगमध्ये तू करार केलास. "मीटिंगमध्ये तू माझं नाव घ्यायचं, मी तुझं. हे नाओमीने मांडलं होतं, हे वैदेहीने मांडलं होतं. खोलीत, सगळ्यांसमोर. नंतर मेलने नाही, कानात नाही." आणि जिचं नाव घेतलं जाईल तिने टेबलावर पेन एकदा टकटकवायचं. पोच म्हणून.

काय मजा यायची त्या टकटकीची! प्रोफेसरांना वाटायचं की तुला पेनाशी चाळा करायची सवय आहे.

आपलं काम तसं साधं सांगता येतं. जुन्या शहरांत जमिनीखालचे पाण्याचे पाइप गळतात आणि महिनोन् महिने कुणाला कळत नाही. पाइपाला चिकटवलेल्या यंत्रातून आवाज घ्यायचा आणि गळती कुठे आहे ते कम्प्युटरने सांगायचं. वर्षभर कुणाला जमत नव्हतं. मग तू आजोबांची गोष्ट सांगितलीस. एझ्रा जॉर्जिया राज्यातल्या तुमच्या गावी पाणीखात्यात होते. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावून ते गळती ओळखायचे. लहानपणी ती सळई ते तुझ्या कानाला लावायचे आणि म्हणायचे, "मोठा आवाज ऐकू नकोस बेबी, तो ट्रक असतो. जो आवाज थांबत नाही तो ऐक." तीन आठवडे तू हेच कम्प्युटरला शिकवत बसलीस: मोठं ते सोड, न थांबणारं धर. जमलं. प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याला तू नाव दिलंस 'एझ्रा'. तेव्हा मी तुला गाडीतच मिठी मारली होती, सीटबेल्टसकट.

आणि घोळ तिथेच झाला. विद्यापीठाच्या मोठ्या कम्प्युटरवर प्रत्येकाचं खातं असतं. माझं दोन दिवसांत सुरू झालं. तुझ्या अर्जावर सहा आठवडे 'पडताळणी बाकी' असंच येत राहिलं. मी मोठ्या मनाने म्हटलं, "अगं, माझाच पासवर्ड वापर, घरचंच समज." आमच्या नागपूरच्या कॉलेजात निम्मी लॅब एकाच पासवर्डवर चालायची, त्यात काय एवढं! पुढे तुझं खातं आलं, पण तोवर सगळा पसारा माझ्या खात्यात मांडलेला, तो हलवणार कोण. एझ्राची ओळ न् ओळ तू लिहिलीस, आणि नोंदीत प्रत्येक ओळीपुढे माझं नाव उमटत गेलं.

त्याच हिवाळ्यात मी तुला जवळच्या श्रूजबरी गावातल्या काकूंकडे हळदीकुंकवाला नेलं. काकू म्हणजे आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांची अन्नपूर्णा. दर रविवारी वरणभात, कुणाला ताप आला तर डबा. त्यांनी तुला तिळगूळ दिला, वाण दिलं, हलव्याचे दागिने दाखवले. आणि तुझ्यासमोरच मला मराठीत विचारलं, "हिला कसं काय गं अ‍ॅडमिशन मिळालं? यांना कोटा असतो ना?" मी म्हटलं, "काकू, हा गूळ कुठून आणलात हो? मस्त आहे."

गाडीत तू आधी सीटबेल्ट लावलास. मग म्हणालीस, "तुमच्या भाषेत एक गंमत आहे. जे शब्द मला कळू नयेत तेवढेच इंग्रजीत असतात. अ‍ॅडमिशन, कोटा. तू काय उत्तर दिलंस?"

"गुळाचं विचारलं."

"गुळाचं," तू म्हणालीस, आणि खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसलीस.

तेव्हा मी तुला सुजाताची गोष्ट सांगितली. नागपूरला इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होती. रिझर्व्हेशनमधून आलेली. पहिल्या सेमिस्टरला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले, तेव्हा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मी म्हटलं होतं, "यांचं बरं असतं बाबा." तिने ऐकलं. नंतर चार वर्षं तिने माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं आणि मी तिलाच शिष्ट म्हणत राहिले. तुला गार्डने अडवलेलं पाहीपर्यंत मला ती एकदाही आठवली नव्हती. तू विचारलंस, "तिला कधी सॉरी म्हणालीस?" मी म्हटलं, "आता कॉन्टॅक्ट नाही." तू म्हणालीस, "तुझी माफी नेहमी पत्ता हरवल्यावरच बाहेर पडते."

मला राग आला होता. खरं सांगते, अजूनही थोडा येतो. खऱ्या बोलण्याचा येतो तसा.

आणि मग तो बुधवार. आपला पेपर लिहून होत आला होता. प्रोफेसरांनी भिंतीवरच्या पडद्यावर नोंदी उघडल्या, वरपासून खालपर्यंत पाहिल्या आणि म्हणाले, "एझ्रा हा या कामाचा गाभा आहे, आणि इथे सगळीकडे व्हीचं नाव दिसतंय. व्ही, ब्रिलियंट. पेपरवर पहिलं नाव तुझं." एझ्रा कोण, हे कुणी विचारलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नव्हे, नुसती वाट पाहत. तुझ्या हातात पेन होतं.

मला एवढंच म्हणायचं होतं, हे नाओमीचं आहे. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा सनीव्हेलच्या कंपनीतली उन्हाळ्यापुरती नोकरी होती, तिचा पुढच्या आठवड्यातला इंटरव्ह्यू होता, प्रोफेसरांचं शिफारसपत्र होतं, व्हिसा होता. पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमाबाहेर होतं, ते आता उघड होईल ही भीती होती. मी मूग गिळून बसले. तू पेन टेबलावर अलगद आडवं ठेवलंस.

पार्किंगमध्ये मी म्हटलं, "मी आजच त्यांना मेल करते."

"मेल नको. जे खोलीत गेलं ते खोलीत परत आण."

"परिणाम तोच होईल ना! तुझं नाव पहिलं येण्याशी मतलब."

"परिणाम तोच नाही होणार. त्या टेबलाभोवती बसलेल्यांना काय आठवणार आहे?"

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुला काय जातंय बोलायला? तुझा पासपोर्ट इथला आहे. मला एका सहीत घरी पाठवतील." तू शांतपणे म्हणालीस, "हो. मला कुठे पाठवायला जागाच नाही. म्हणून ते मला रोज इथेच विचारतात, तू इथे कशी." नाओमी, त्या दिवशी माझंही थोडं खरं होतं, आणि ते तू कधी कबूल केलं नाहीस. पण तुझं जास्त खरं होतं, आणि ते मी कबूल केलं नाही. पुढे दोन वर्षं आपण हजार गोष्टी बोललो आणि हे सोडून सगळं बोललो.

मेल मी केला. गोड, नम्र मेल: यात नाओमीचा वाटा खूप मोठा आहे, तिचं नाव पहिलं असावं असं मला मनापासून वाटतं. प्रोफेसरांनी तासाभरात 'शुअर' लिहिलं आणि नावांचा क्रम बदलला. मला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. सहा महिन्यांनी तू प्रबंधाचा आराखडा मांडलास तेव्हा परीक्षकांतल्या एकाने विचारलं, "यात व्हीचं सोडून तुझं स्वतःचं नेमकं काय?" तू चाळीस मिनिटं उभं राहून उत्तर दिलंस. मी मागच्या रांगेत बसले होते. तेव्हाही मी बसलेच होते.

आणि तू काय केलंस? माझं नाव घ्यायचं सोडायला हवं होतंस. सोडलं नाहीस. त्यानंतरच्या प्रत्येक बुधवारी गरज पडेल तिथे तू म्हणालीस, "हे वैदेहीने मांडलं होतं," आणि मी खाली मान घालून पेन टकटकवलं. चिडली असतीस, बोलणं टाकलं असतंस तर मी आमच्यातलीच कुणीतरी शहाणी गाठून तुझी निंदा केली असती आणि मोकळी झाले असते.

तुझ्या आजाराचं आपल्या दोघींतच होतं. ल्युपस. स्वतःचंच शरीर स्वतःवर उलटतं तो आजार. उन्हातली ती मोठी टोपी म्हणजे सगळ्यांना तुझी फॅशन वाटायची. "सांगितलं तर म्हणतील, हिला झेपत नाही. मग माझ्यामागून येणाऱ्या मुलींनाही झेपत नाही असं होईल," असं तू म्हणायचीस. पहिल्या वर्षाच्या मुली तुझ्या टेबलाशी रांग लावायच्या आणि तू सुजलेल्या बोटांनी त्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करून द्यायचीस. मी तुला ओरडायचे. तेवढ्यापुरता मला आवाज होता.

शेवटच्या मंगळवारी मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तू न्यूमोनियाने थकली होतीस, पण डोकं टकाटक. म्हणालीस, "माझ्या प्रबंधाच्या चौथ्या आकृतीतला खालचा अक्ष चुकलाय. बघ." मी म्हटलं बघते. मग माझ्या अगदी ओठांवर आलं, नाओमी, त्या बुधवारचं. एवढ्यात नर्स आल्या, ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं हायसंच. म्हटलं, "शनिवारी येते, निवांत बोलू." तू शुक्रवारी गेलीस.

तुझ्या गावच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर होते. त्यानंतर सोमवारी तुझी आई टेबल आवरायला इकडे आली. तिला नावाने हाक मारायची माझी जीभ रेटत नव्हती, म्हणून पहिल्या भेटीतच मी तिला मावशी म्हटलं होतं आणि अर्थ सांगितला होता. ती हसून म्हणाली होती, "म्हणजे तुला ओरडायचा मला हक्क आहे तर." त्या सोमवारी मी खोकी चिकटवत होते. ती म्हणाली, "वैदेही." अगदी तुझ्यासारखं, पूर्ण. मी दचकून पाहिलं. "ती घरी तुझ्यावर चिडायचीसुद्धा पूर्ण नावाने. कशावरून ते मला सांगितलं नाही. पण एक विचारायचं आहे. ती म्हणायची की माझ्या डॅडींचं नाव त्या कम्प्युटरमध्ये आहे. ते मला बघायचंय. बुधवारी तिच्याबद्दल बोलणार आहात, तेव्हा ते सांगतील ना?"

मी म्हटलं, "सांगतील, मावशी." आणि उरलेलं खोकं चिकटवलं.

काल बुधवार होता. अकरा वाजता त्याच टेबलाभोवती आम्ही बसलो. प्रोफेसरांशेजारी तुझी आई. प्रोफेसर मनापासून बोलले, त्यांचे डोळे भरले होते, त्यात खोटं काही नव्हतं. नाओमी या लॅबचा आधार होती, म्हणाले. किती मुलींना तिने हात दिला. आणि व्हीने एझ्रावर जे काम केलं, त्यात तिची किती मोलाची साथ होती.

तुझी आई माझ्याकडे पाहत होती. तिलाही वाट पाहायची सवय तुझ्यासारखीच आहे.

मी उभी राहिले. पडद्यावर नोंदी उघडल्या आणि म्हटलं, "एझ्रा नाओमीने लिहिला. सगळा. इथे माझं नाव दिसतं, कारण तिचं खातं अडकलं होतं आणि मी तिला माझा पासवर्ड दिला होता. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत मला हे सांगायचं होतं, आणि मी गप्प बसले. एझ्रा तिचे आजोबा. ते सळई कानाला लावून गळती ओळखायचे. मोठा आवाज सोडायचा आणि न थांबणारा धरायचा, हे तिला त्यांनी शिकवलं."

तुझी आई म्हणाली, "एझ्रा. माझे डॅडी." आणि पडद्यावरच्या त्या चार इंग्रजी अक्षरांकडे बघत राहिली.

प्रोफेसरांनी चष्मा काढला. "पण व्ही, तू मला लिहिलं होतंस तेव्हा..." ते अडखळले. "मला वाटलं, तू विनयाने म्हणते आहेस. मैत्रिणीसाठी."

ऐकलंस? विनयाने. तू म्हणाली होतीस तसंच झालं. मी तुझी वस्तू तुला परत केली आणि त्यातही चांगुलपणा माझ्याच पदरात पडला.

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल? चहा निवायलाही जास्त लागतो. कुणी व्हिसा मागितला नाही. पासवर्डाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ब्रायन टेबलाकडे बघत म्हणाला, "बसगाड्यांचा मुद्दाही तिचाच होता ना?" मी म्हटलं, "हो, तिचाच." त्याने मान हलवली. दोन वर्षं ज्याची धास्ती घेतली, ते एवढंच होतं. हे आता कळून काय उपयोग? वरातीमागून घोडं. तुझा प्रबंध तुझ्या नावाने पुरा होईल, पदवीही देणार आहेत म्हणे, तुझी आई घ्यायला येईल. चौथ्या आकृतीतला अक्ष मी दुरुस्त केला. चुकलेलाच होता.

जे खोलीत गेलं ते मी खोलीत परत आणलं, नाओमी. तू होतीस तेव्हा नाही आणलं. याची माफी मी मागत नाही, कारण पत्ता हरवल्यावर मागितलेल्या माफीबद्दल तू काय म्हणतेस ते मला पाठ आहे.

बोलून झालं आणि मी खाली बसले. पण तुझं नाव घेतलं होतं ना, म्हणून सवयीने पोचेची वाट पाहत राहिले. मी टेबलाकडे कान लावून बसले होते. प्रोफेसरांना वाटलं, मला अजून काही सांगायचंय. त्यांनी हळूच विचारलं, "आणखी काही, वै... वैदेही?"

मी म्हटलं, "नाही सर. एवढंच."